मदत हवी आहे: 'वेल्श' म्हणजे परका?

लेकीला शाळेत एका शब्दाच्या उगमावर बोलायचंय. तिने 'वेल्श' (ब्रिटनच्या वेल्स भागातले लोक) निवडलाय. जुन्या इंग्रजीत 'वेआल्ह' म्हणजे परका, पुढे चक्क गुलामसुद्धा! गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये मागाहून आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी तिथल्याच जुन्या रहिवाशांना परकं ठरवलं. हे वेल्श लोक मात्र स्वतःला 'कमरी' म्हणतात, म्हणजे एकाच भूमीतले सोबती. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागाच्या नावातला 'वॉल' आणि वॉलनटमधला (अक्रोड) 'वॉल'ही 'वेआल्ह'मधलाच. वॉलनट म्हणजे परमुलखातलं कवचफळ, थेट आपल्या विलायती चिंचेसारखं.

आता मला मराठी जोड हवी आहे. बाहेरच्यांनी दिलेलं नाव एखाद्या गावाला किंवा लोकांना कायमचं चिकटलंय, असं उदाहरण सुचवाल का? 'फिरंगी' आणि 'म्लेच्छ' सोडून. सोमवारपर्यंत हवंय.