ध्रुवण की ध्रुवीकरण? आणि 'खडबडीत' म्हणजे किती खडबडीत?

नमस्कार मंडळी,

विज्ञान दिनाला कोथरूडच्या एका शाळेत नववीच्या मुलांशी बोलायचंय. माझं काम असं: ध्रुवित प्रकाश (म्हणजे ज्याच्या लाटेच्या हेलकाव्याला ठरावीक दिशा असते असा) खडबडीत पृष्ठभागावर पडला की कसा विखुरतो, याचं संगणकावर सिम्युलेशन करायचं. पृष्ठभाग म्हणजे वाटेल तसे कललेले असंख्य चिमुकले आरसे असं मानायचं, एकेक किरण सोडायचा आणि प्रत्येक आदळीला त्याची तीव्रता आणि ध्रुवण सांगणारे चार आकडे बदलत न्यायचे (हे आकडे स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडले). काम जमतं, मराठी अडतं. पोलरायझेशनला 'ध्रुवीकरण' म्हटलं की निवडणुका आठवतात. स्कॅटरिंगला विकिरण, प्रकीर्णन की विखुरणं? आणि 'खडबडीत' मला खटकतोय.

---

ताई, बिनधास्त 'ध्रुवण' म्हणा. विश्वकोशात तोच आहे. 'करण' लागलं की कोणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं; तळ्यावरून परतणारा प्रकाश तर आपसूक ध्रुवित होतो.

खरं तर इथे ध्रुव आलेच चुकून. १८०८ मध्ये मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरून येणारं मावळतीचं ऊन कॅल्साइटच्या, एकाच्या दोन प्रतिमा दाखवणाऱ्या, स्फटिकातून पाहिलं. स्फटिक फिरवला तशी दोन प्रतिमांपैकी एक मंदावली. प्रकाश कणांचा, आणि त्या कणांना चुंबकासारखे ध्रुव, अशी त्याची कल्पना. म्हणून पोलरायझेशन हे नाव. पुढे फ्रेनेल या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रवासाच्या दिशेला आडवी हेलकावणारी लाट मांडली. ध्रुव गेले, नाव उरलं, आणि आपण त्या नावाचं भाषांतर केलं. मुलांना हे जरूर सांगा.

'विकिरण' मात्र टाळा. शाळेत तो स्कॅटरिंगला शिकवतात, पण हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, आणि मुलं दोन्ही वाचतात. दाणे विखुरतात तसा प्रकाश विखुरतो. क्रियापद वापरलं की नामाची अडचणच राहत नाही.

---

'खडबडीत'बद्दल. खडबडीत रस्ता डोळ्यांना दिसतो, खरखरीत काचकागद बोटांना कळतो. प्रकाशाचा हिशेब दोन्हींहून वेगळा. त्याच्या लेखी उंचसखलपणा तरंगलांबीच्या साधारण आठव्या हिश्श्याहून कमी असला तर पृष्ठभाग गुळगुळीत. समोरून पडणाऱ्या हिरव्या उजेडासाठी हा हिस्सा जेमतेम ७० नॅनोमीटर. म्हणजे हाताला तुळतुळीत लागणारी वस्तूही त्याला खडबडीत असू शकते. मी 'उंचसखल' सुचवेन. त्यातला चढउतार मोजता येतो, हे शब्दातच ऐकू येतं.

ताई, एक करून बघा. पोलरॉइड गॉगल (तो एकाच दिशेचा हेलकावा पार सोडतो) घालून घोटलेल्या कडप्प्याच्या ओट्याकडे, मग अंगणातल्या शहाबादी फरशीकडे, मग चुन्याच्या भिंतीकडे तिरकं पाहा. प्रत्येक वेळी गॉगल काटकोनात फिरवा.

---

काका, आत्ताच केलं! ओट्यातली ट्यूबलाइट जवळजवळ विझली आणि गॉगल फिरवताच परत आली. फरशीवरची चकाकी थोडीशीच उणावली. भिंत ढिम्म. पांढऱ्या चुन्यात प्रकाश शिरतो, कणाकणावर आपटून बाहेर येतो, तोवर त्याच्या हेलकाव्याची दिशा पार विस्कटलेली असते. काळा कडप्पा आत शिरलेला प्रकाश गिळतो. वरच्यावर परतलेला तेवढा आपल्यापर्यंत येतो, त्याच्या हेलकाव्याची दिशा शाबूत.

या विस्कटण्याला 'विध्रुवण' लिहिलं होतं, ते खोडलं. जुनं लुगडं विरतं तसं प्रत्येक आपटीला ध्रुवण विरतं. मुलांना असंच सांगणार. 'उंचसखल' घेतला. सिम्युलेशन तसंच ठेवते, तो शब्द त्यांना माझ्याआधी ठाऊक आहे.