मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या कचऱ्याची नोंद एकसारखी कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडणे तालुक्यात आमची छोटी स्वयंसेवी संस्था आहे. मोरजी-आश्वे भागात किनारा साफ करतो आणि काय सापडलं याची नोंदही ठेवतो. साफसफाईला माणसं मिळतात, फोटोला तर जास्तच. घोडं अडतं ते नोंदीपाशी.

१०० मीटरचा ठरलेला पट्टा आणि २.५ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या वस्तू, ही जगभर वापरात असलेली पद्धत आम्ही घेतली आहे. पण थर्माकोलचा डबा चुरा होऊन पडला की एक जण ‘१’ लिहितो, दुसरा बसून तुकडे मोजतो. फाटक्या जाळ्याचं वजन करावं, तर आत ओली वाळू आणि शिंपले. काटा दाखवतो ते जाळ्याचं वजन नव्हेच. मे महिन्यात समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे वाहून येतात, ते वाळूत मिसळले की मोजायचे तरी कसे?

त्यात कॉलेजची मुलं परीक्षा आली की गायब. दर वेळी नवा चमू, नवा हिशेब. अशा आकड्यांवरून दोन वर्षांची तुलना करायला माझं मन धजत नाही.

कोणी असं काम केलं असेल तर सांगा: तुकडे मोजता की वजन घेता? नवीन माणसाला किती वेळ शिकवता? मराठी किंवा कोंकणीत छापील तक्ता असेल तर फारच बरं, कारण रापणकार मंडळी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) यायला तयार आहेत आणि आमचा तक्ता सगळा इंग्रजीत. ॲप सुचवू नका प्लीज, वाळूच्या हातांनी फोन चालत नाही.