प्लेसमेंट टेस्टमध्ये मुद्दाम चुका: कॉलेजातली परकी भाषेची अट हवी की नको?

ओसरी
ही प्लेसमेंट नोकरीची नव्हे. अमेरिकेत कॉलेजात दाखल होताना परकी भाषेची परीक्षा घेतात आणि मुलाला पहिल्या सेमिस्टरच्या वर्गात बसवायचं की तिसऱ्या, ते ठरवतात. त्या परीक्षेबद्दल लिहिते आहे.

माझा मुलगा या वर्षी कॉलेजात गेला. तिथे चार सेमिस्टरइतकी एक परकी भाषा यावी, अशी अट आहे. शाळेत त्याने चार वर्षं स्पॅनिश घेतली होती. शेजारच्या मेक्सिकन आजींशी अंगणात उभा राहून गप्पा मारतो, मी कितीदा ऐकलंय. तरी निकाल आला, पहिलं सेमिस्टर. मला वाटलं, परीक्षेत काही गडबड झाली असेल. विचारलं तर म्हणाला, "आई, मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. सगळे देतात." त्याला डॉक्टर व्हायचंय. मेडिकलच्या अर्जात विज्ञानाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा बघतात, पण एकूण जीपीएत भाषेची ग्रेडही धरतात. तिसऱ्या सेमिस्टरला बी येण्यापेक्षा पहिल्याला ए आलेला बरा, हे त्याचं गणित.

दोन रात्री मला झोप लागली नाही. त्याच वर्गात अशी एखादी मुलगी असेल, जिच्या कानावर स्पॅनिशचा शब्दही कधी पडलेला नाही. तिच्या शेजारी हा चार वर्षं शिकलेला बसणार आणि शिक्षिकेला वाटणार, वर्गाला जमतंय, पुढे जाऊ या. ती मुलगी मागे पडेल आणि "मला भाषा जमतच नाही" असं धरून बसेल.

तरीही अट काढू नये, असंच माझं मत आहे. मी साताऱ्याकडची, मराठी माध्यमाची. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी औषधाच्या दुकानात खिडकीपलीकडचा माणूस काय विचारतोय ते मला कळेना, आणि हातात तापाने फणफणलेलं मूल. उद्या माझ्या मुलासमोर अशीच एखादी बाई बसेल, स्पॅनिश बोलणारी. तिचं ऐकून घेता यावं म्हणून ही भाषा आहे. अट ठेवा, पण ग्रेड काढून टाका. नुसतं पास किंवा नापास. मग खोटं बोलायचं कारणच उरणार नाही.

सरळमार्ग
मुलावर रागावू नका. नियम असा केलाय की खरं बोलणाऱ्याचं नुकसान व्हावं.

माझा मुद्दा पैशाचा आहे. चार सेमिस्टर, प्रत्येकी चार क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक), म्हणजे 16. पदवी साधारण 120 क्रेडिटची असते. म्हणजे एका अख्ख्या सेमिस्टरची फी आपण आईबाप भाषेवर भरतो. आणि ही अट सगळ्यांना कुठे आहे? मिशिगन विद्यापीठाच्या एलएसए, म्हणजे साहित्य, विज्ञान आणि कलांच्या कॉलेजात चौथ्या सेमिस्टरइतकी भाषा आलीच पाहिजे, पण त्याच विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती लागत नाही. इतिहास शिकणाऱ्याला जगाची ओळख हवी आणि पूल बांधणाऱ्याला नको, हे मला कुणी समजावून सांगावं.

मुलं स्वतःहून भाषांकडे पाठ फिरवताहेत, तेही बघा. 2016 ते 2021 या काळात अमेरिकेतल्या कॉलेजांत इंग्रजी सोडून इतर भाषा घेणाऱ्यांची संख्या 16.6 टक्क्यांनी घटली. हा मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीतला आकडा आहे. 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने परकी भाषांचा विभाग जवळजवळ मोडीतच काढला. ज्याला आवड आहे तो शिकेल. सक्तीने वर्ग भरतात, भाषा येत नाही.

मुळाकाठ
पुण्याहून लिहितेय. अकरावीला मी मराठी सोडून जर्मन घेतलं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलींनी तेच केलं होतं, कारण एकच: स्कोअरिंग आहे. शंभरात पंच्याण्णव पडले. पुढे जर्मन शिकायला मॅक्सम्युलर भवनात गेले तर ए-वनपासून, म्हणजे अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. समोरच्या बाईंनी "आज सकाळी काय केलंस?" एवढंच विचारलं होतं आणि मला एक वाक्य जुळवता आलं नाही. धड्याखालची उत्तरं मात्र पाठ होती.

म्हणून ओसरीताई, तुमचं दुःख कळतं, पण ग्रेड काढायला माझा विरोध आहे. ग्रेड नसती तर मी पुस्तक उघडलंही नसतं. गुण कशाचे देता ते बदला. निम्मे गुण समोरासमोर बोलण्याला ठेवा, बघा काय होतं. आणि मराठी सोडल्याची खंत वेगळीच. तेव्हा आजीला पत्र लिहायची सवय गेली ती गेलीच.

खडू_फळा
मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात हिंदी शिकवतो, प्लेसमेंटच्या मुलाखतीही घेतो. थोडं सविस्तर लिहितो.

संगणकावरच्या पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत मुद्दाम चुकणं सोपं असतं. समोरासमोरच्या मुलाखतीत ते कठीण जातं. येत असलेलं माणूस किती वेळ लपवणार? मी एखादी गमतीची गोष्ट सांगतो, मूल योग्य जागी हसतं आणि मला कळतं.

पण उलटा अन्यायही होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरात भाषा ऐकत वाढलेल्या मुलांची पातळी एकच नसते. आपल्या मराठी घरांतलं मूल घ्या. आजीचं बोलणं पूर्ण कळतं, देवनागरी वाचता येत नाही. हिंदीत त्याचं काही आयतं जमतं, काही अडतं. 'त्याने आंबा खाल्ला' म्हणणाऱ्याला हिंदीतला 'उसने' शिकवावा लागत नाही. पण मराठीत आपण 'मी आंबा खाल्ला' म्हणतो, म्हणून ते 'मैं आम खाया' म्हणतं. तीन लिंगांची सवय असल्यामुळे नपुंसकलिंगी शब्द हिंदीत कुठे टाकायचे ते कळत नाही. अशा मुलाला पहिल्या सेमिस्टरला बसवलं तर ते कंटाळतं, तिसऱ्याला बसवलं तर पहिल्याच निबंधात बुडतं. त्यांना वेगळा वर्ग हवा. स्पॅनिशसाठी बऱ्याच ठिकाणी तसे वर्ग आहेत. हिंदीसाठी पुरेशी मुलंच मिळत नाहीत.

आता ग्रेडबद्दल. पास-नापास केलं की मुलं भाषेचा अभ्यास सगळ्यात शेवटी, रात्री एक वाजता करणार. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची रीत मला जास्त पटते. प्लेसमेंटनुसार वरच्या वर्गात बसा, तिथे किमान बी मिळवा, की खालच्या सेमिस्टरांची क्रेडिटंही तुमच्या खात्यात जमा होतात, 16 पर्यंत. तिथे खरं सांगणाऱ्याचा फायदा होतो. सरळमार्गांच्या फीच्या प्रश्नालाही हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

अट मात्र काढू नका. ती गेली की आधी लहान भाषांचे वर्ग बंद पडतील. स्पॅनिश टिकेल. हिंदी, तमिळ, मराठी टिकणार नाहीत.

सरळमार्ग
विस्कॉन्सिनची रीत चांगली आहे, हे मान्य. बाकी पटलं नाही. तुमचा विभाग टिकावा म्हणून माझ्या मुलीने चार सेमिस्टर द्यावीत, हे कारण मी स्वीकारणार नाही.

आणि मराठीचं म्हणता, तर आमची मुलगी रविवारच्या मराठी शाळेत नऊ वर्षं गेली. वाचते, लिहिते. तिच्या कॉलेजात सांगितलं तर म्हणाले, आमच्याकडे मराठीची परीक्षा घेणारं कुणी नाही. शाळेतून देता येणाऱ्या, कॉलेजात धरल्या जाणाऱ्या एपी परीक्षांमध्ये स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आहेत, लॅटिनसुद्धा आहे. भारतातली एकही भाषा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमची भाषा चालते आणि माझ्या आईची चालत नाही. आधी हे दुरुस्त करा, मग अटीचं बोलू.

खडू_फळा
यावर मी तुमच्या बाजूने आहे. एक करून बघा. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत मराठी शिकवली गेली आहे. मुलीच्या कॉलेजाला विचारा, बाहेरच्या प्राध्यापकाने घेतलेली परीक्षा चालेल का. काही कॉलेजं मान्य करतात. अर्ज लेखी द्या आणि मुलीने लिहिलेला एक मराठी निबंध जोडा.

मुळाकाठ
मराठीचा मुद्दा मलाही पटला. पण जी भाषा घरातूनच आली, ती 'परकी' म्हणून मोजायची का? अटीचा हेतू आपल्या घराबाहेरच्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा असेल, तर तुमच्या मुलीने मराठीसाठी मान मिळवावा आणि वर एखादी नवी भाषाही घ्यावी. येल विद्यापीठात आधीच भाषा येत असली तरी भाषेचा निदान एक कोर्स घ्यावाच लागतो. मला ते योग्य वाटतं.

सरळमार्ग
मग फी कोण भरणार?

ओसरी
सगळ्यांचं वाचलं. पास-नापासचा हट्ट सोडते. वरच्या वर्गात बसणाऱ्याला मागची क्रेडिटं देण्याची रीत त्यापेक्षा बरी आहे. मुलाच्या कॉलेजात ती नाही. विभागाला लिहून विचारणार आहे, का नाही.

काल रात्री त्याच्याशी बोलले. जीपीएचं काही बोलले नाही. औषधाच्या दुकानातली ती संध्याकाळ पहिल्यांदाच त्याला सांगितली. ते तापाने फणफणलेलं मूल तोच होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तिसऱ्या सेमिस्टरच्या सकाळच्या वर्गात अजून दोन जागा आहेत, शुक्रवारपर्यंत बदल करता येतो. करणार का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.