स्वयंपाकासोबत हस्तकला : मिठाच्या कणकेविषयी थोडेसे

स्वयंपाक चालू असतानाच मुलांना शेजारी बसवून काहीतरी करायला द्यावे, ही सूचना मला पटते. मात्र त्यासाठी विकतची रंगीत माती आणण्याऐवजी मिठाची कणीक अधिक सोयीची, असे माझे मत आहे. 2 वाट्या मैदा आणि 1 वाटी बारीक मीठ एकत्र करून त्यात साधारण 1 वाटी पाणी थोडे थोडे घालत, गोळा हाताला चिकटेनासा होईपर्यंत मळावे. या गोळ्यापासून घडवलेल्या वस्तू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड करू नयेत, कारण जाड वस्तू वरून लवकर वाळते, आत ओली राहते आणि मग तडकते. ओव्हन असल्यास 100 अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-तीन तास पुरतात. नसल्यास काही दिवस उलटसुलट करत वाळवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच रंगवाव्यात. दमट हवेत मीठ ओलावा शोषून घेते, म्हणून शेवटी वॉर्निशचा हात आवश्यकच आहे. ही कणीक खाण्यासारखी दिसते, परंतु तिच्यातील मिठाचे प्रमाण लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना घातक ठरू शकते, त्यामुळे ती खाण्याच्या कणकेपासून दूर, वेगळ्या भांड्यातच मळावी.