घरपट्टीबरोबर 'पोलीस कर' लावून गावाला पोलीस मिळतील का?

मोहोळकर_७३

गाव मोहोळ तालुक्यात. गावठाणात ५५० आणि वस्त्यांवर ३५० अशी साधारण ९०० घरं. ठाणं २० किलोमीटरवर. ११२ ला फोन केला की गाडी येते, पण रात्रीची एक गाडी किती गावांना पुरणार? दिवाळीपासून बोअरच्या केबली, विहिरीवरच्या मोटारी, ठिबकच्या नळ्या जाताहेत, दोन वस्त्यांवरच्या शेळ्याही गेल्या. येत्या ग्रामसभेत ठराव येतोय की घरपट्टीबरोबर 'पोलीस कर' लावायचा आणि त्या पैशातून गावासाठी दोन पोलीस मागायचे. नाही मिळाले तर आपलीच चार माणसं ठेवायची. अमेरिकेत असंच चालतं म्हणून एकजण हटूनच बसलाय.

असा कर कायद्यात बसतो का? नसेल तर १५व्या वित्त आयोगाच्या पैशातून भागेल का? आणि खरा खर्च किती येतो?

दप्तर_उघडं

आधी ठरावातून 'पोलीस कर' हा शब्द काढा, नाहीतर ठराव तिथंच पडेल. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. ग्रामपंचायतीला कोणते कर आणि फिया लावता येतात ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये एकेक करून दिलंय. इमारती-जमिनींवरचा कर, दिवाबत्ती, सफाई, पाणी, बाजार फी, जत्रेवरचा कर वगैरे. पोलिसांचा कर त्यात नाही. यादीत नाही म्हणजे लावता येत नाही, मग ग्रामसभेत सगळे हात वर होऊ देत.

पण त्याच अधिनियमाची ग्रामसूची, म्हणजे पंचायतीच्या कामांची यादी, काढून वाचा. पंचायतीच्या कामांमध्ये स्वसंरक्षण आणि ग्रामसंरक्षण हे शीर्षक आहे आणि त्याखाली गावाची आणि गावातल्या पिकांची राखण हे काम दिलंय. पुढे असंही म्हटलंय की राखणीचा खर्च गावातल्या ठरावीक लोकांकडून विहित रीतीने वसूल करायचा. म्हणजे पोलीस नाही, पण राखणदार ठेवता येतो. जुन्या गावगाड्यात जागल्या होता आणि त्याला बलुतं मिळायचं, त्याचीच ही कागदावरची सावली. मात्र 'विहित रीतीने' हे दोन शब्द डोळ्याआड करू नका. ठराव झाला आणि नमुना ९ मध्ये (कर मागणीच्या नोंदवहीत) एक रकाना वाढवला, असं चालत नाही. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन वसुलीची रीत लेखीच मागा. तोंडी 'करा हो' म्हणणारे ऑडिटच्या दिवशी रजेवर असतात.

पैसे भरून पोलीस मिळण्याची सोय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये आहे, पण ती वेगळ्या कामाची. कलम ४७ खाली कुणीही अर्ज करून आपल्या खर्चाने जादा पोलीस मागू शकतो आणि ते द्यायचे की नाही हे पोलीस अधीक्षक ठरवतात. जत्रा किंवा एखाद्या मोठ्या कार्यक्रमाचा सशुल्क बंदोबस्त तो हाच. चार दिवसांना ठीक, बारा महिन्यांचा खर्च गावाला झेपणार नाही. कलम ५० त्याहून कडक आहे. गावात शांतता धोक्यात आहे असं सरकारला वाटलं तर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च रहिवाशांकडून वसूल करता येतो. पण ते सरकार लावतं आणि शिक्षा म्हणूनच ओळखलं जातं. स्वतः होऊन मागायची ती गोष्ट नव्हे.

वित्त आयोगाचं थोडक्यात सांगतो. १५व्या आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. गावाच्या विकास आराखड्यात घेतले असतील तर कॅमेरे आणि दिवे बसतील, राखणदाराचा पगार नाही.

पोलीस पाटलाच्या मानधनाचाही गावावर बोजा नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली प्रांताधिकारी त्याची नेमणूक करतात आणि मानधन राज्य देतं, २०२४ पासून महिना १५,००० रुपये. जागा रिकामी असेल तर कर बसवायच्या आधी ती भरायची मागणी करा. ती फुकट आहे.

नमुना_नऊ

खर्चाचं बोलू. ठरावात चार माणसं लिहिलीत ना? तिथंच गणित चुकतंय. रात्री १० ते ५, दोन जोड्या, एक गावठाणात आणि एक मोटारसायकलवर वस्त्यांकडे. आठवड्याच्या २८ पाळ्या झाल्या. प्रत्येकाला एक सुट्टी धरली तर चौघांच्या २४ च होतात. पाचवा माणूस लागतोच. तो नसेल तर दुसऱ्या महिन्यापासून कुणीतरी झोपून पाळी काढतो.

नमुन्यादाखल महिना १२,००० धरा. किमान वेतनाचा चालू दर जास्त असेल तर तो घाला, त्याच्या खाली जाऊ नका. १२,००० × ५ × १२ म्हणजे ७,२०,००० रुपये. ९०० घरांवर वाटले तर घरटी ८०० रुपये वर्षाला. पेट्रोल, टॉर्च, रेनकोट यात नाही.

आता वसुली. ६० टक्के घरांनी भरले तर हातात ४,३२,०००, म्हणजे सात महिन्यांचा पगार. त्यातही पैसा येतो कधी? थोडा सप्टेंबरअखेर ५ टक्के सूट घ्यायला, बाकी सगळा मार्चमध्ये तगाद्यानंतर. आणि पगार एप्रिलपासून द्यायचाय. तीन महिन्यांचे १,८०,००० आधी जमा झाल्याशिवाय माणूस नेमू नका. राखणीचा कारभार मोडतो तो बहुतेक पहिल्या पावसाळ्यात, पगार थकल्यामुळे.

घरटी सारखी रक्कम ठेवली तर भांडण ठरलेलं. गावठाणातला म्हणतो माझी मोटार नाही, वस्तीवरचा म्हणतो तुमचा राखणदार माझ्या बांधाला येतच नाही. दोघांचंही खरं. गावठाण ५५० × ५०० म्हणजे २,७५,००० आणि वस्ती ३५० × १,३०० म्हणजे ४,५५,०००. बेरीज ७,३०,०००. पगार भागून बॅटरीला दहा हजार उरतात. वस्तीची रक्कम मोटारींच्या संख्येवर लावली तर आणखी पटेल.

शिवाय हे पाच जण पंचायतीचे कर्मचारी म्हणून घेऊ नका. आस्थापना खर्चाला उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. वर्षाचं उत्पन्न १४ लाख असेल तर ४,९०,००० झाले, आणि शिपाई, पाणी सोडणारा, सफाईवाला यांनी ते आधीच भरलेले असतात. एजन्सीकडून घेणार असाल तर २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याखालचा परवाना बघून घ्या.

माझ्या मते पहिल्या वर्षी कर नकोच, लोकवर्गणी काढा. रक्कम ग्रामनिधीत देणगी म्हणून जमा, प्रत्येकाला नमुना ७ ची पावती, आणि जमा-खर्च दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर. वर्गणीला ६० टक्के घरं आली नाहीत तर कराला ४० टक्केही येणार नाहीत.

सीनाकाठ

अमेरिकावाल्यांना एवढं सांगा की तिथं काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, खर्च बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करातून निघतो हे खरं, पण जादा कराला लोकांचं मतदान लागतं आणि लोक नाही म्हणतात. ओरेगन राज्यातल्या जोसेफाइन काउंटीचा खर्च केंद्राच्या जंगलाच्या पैशावर चालायचा. ते पैसे २०१२ मध्ये आटले आणि मतदारांनी जादा कर नाकारला. शेरीफने माणसं कमी केली, रात्रीची गस्त गेली, शेवटी लोकच गस्त घालत फिरू लागले. कर मंजूर झाला २०१७ मध्ये, मध्ये अनेकदा फेटाळून. इंग्लंडात घरपट्टीच्या बिलावर पोलिसांची वेगळी ओळच असते, पण ती पार्लमेंटच्या कायद्याने. आपल्याकडे तो कायदा नाही, त्यामुळे तुलना तिथंच संपते.

मोहोळकर_७३

कर नको, वर्गणी, हे पटलं. पाच माणसांचं तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता एक सांगा, राखणदाराने रात्री कुणाला धरलं तर त्याला अधिकार काय? उद्या उलटी केस नको.

बीट_डायरी

राखणदाराला पोलिसाचा कुठलाही अधिकार नसतो, तुम्हा-आम्हाला आहे तेवढाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा आपल्यासमोर घडला तर सामान्य माणूसही धरू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. 'समोर घडला' याला फार महत्त्व आहे. रस्त्याने जाणारा अनोळखी दिसला म्हणून धरता येत नाही. झडती घ्यायची नाही, मोबाईल काढून घ्यायचा नाही, हात उगारायचा नाही. धरल्याबरोबर ११२ ला फोन करा म्हणजे वेळ नोंदली जाते. मग पोलीस पाटील आणि बीट अंमलदार.

पालं टाकून राहणारी माणसं, बहुरूपी, भिक्षेकरी यांच्याबाबत नियम आधीच लिहून ठेवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्यात आपल्या मंगळवेढा तालुक्यातले डवरी गोसावी होते. गावात पाल पडलं की दिवसाच पोलीस पाटलाने जाऊन नावं नोंदवावीत आणि ठाण्याला कळवावं. रात्री राखणदाराने तिकडे जायचंच नाही.

पगारी माणसांच्या जोडीला ग्रामसुरक्षा दल ठेवा. पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब मध्ये त्याची तरतूद आहे. यादी ठाण्यात द्या, ओळखपत्रं घ्या. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे दल नव्हे. ग्रामसुरक्षा यंत्रणेचा १८०० २७० ३६०० हा नंबर गावात चालू आहे का तेही तपासा. नोंदलेल्या मोबाईलवरून नाव, गाव आणि घटना सांगितली की तोच आवाज सगळ्यांच्या फोनवर जातो. निम्म्या लोकांनी सिम बदललेलं असतं, म्हणून वर्षातून एकदा यादी नव्याने करा. ऐकीव गोष्टीवर या नंबरला हात लावायचा नाही.

गस्तीची वही पोलीस पाटलाकडे. ठरावीक सहा ठिकाणी सही आणि वेळ, पण फेरीचा क्रम रोज वेगळा. रोज १२ ला देवळाजवळ आणि १ ला पाण्याच्या टाकीजवळ असं झालं की चोर १ ला देवळामागच्या डीपीवर असतो.

नमुना_नऊ

कॅमेऱ्याचं राहिलं. विक्रेता आठ कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क देतो आणि महिनाभर रेकॉर्डिंग राहील म्हणतो. सेकंदाला २ मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, आठांचे १७३. म्हणजे साडेअकरा दिवसांत जुनं पुसलं जातं. मोटार गेल्याचं कित्येकदा पंधरा दिवसांनी कळतं, पाण्याची पाळी आल्यावर. ६ टीबी घ्या. आणि लोडशेडिंगला टिकणारी बॅटरी रेकॉर्डरला आहे तशी वायफायच्या डब्यालाही लागते, तिथंच बचत केलेली असते. फुटेज कोर्टात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदलली की बदलणारी तिची ओळखखूण) लिहावी लागते. म्हणून पेन ड्राइव्हवर कुणीही कॉपी मारून न्यायची नाही, पोलिसांसमोरच काढायची.

बीट_डायरी

आणि हे बिनपैशाचं काम उद्याच करा. प्रत्येक मोटारीच्या बॉडीवर आणि स्टँडवर लोखंडी पंचने (आकड्यांच्या ठशाने) गट नंबर ठोकून घ्या. कंपनीच्या पाटीवर नको, ती दोन रिबिटा उडवल्या की निघते. ठोकलेल्या नंबरचा फोटो आणि बिल एका पाकिटात. माल भंगारात सापडला तरी 'ही माझीच' हे सिद्ध होत नाही म्हणून मोटार परत मिळायला महिने जातात. फिर्याद देताना एचपी, कंपनी आणि हा नंबर सांगितला की पंचनाम्यात तो येतो.