'वेठबिगार' हा शब्द कर्जाच्या गुलामीला पुरतो का?

शब्दवेध:
वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर गेलेल्या कुटुंबाला उचल फिटेपर्यंत डांबून ठेवले, की बातमीत 'वेठबिगार' हा शब्द येतो. माझ्या मते तो इथे अपुरा आहे. 'वेठ' हा संस्कृत 'विष्टि'पासून आला. इ.स. १५० च्या सुमाराच्या गिरनार येथील शिलालेखात महाक्षत्रप रुद्रदामनाने, प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय (म्हणजे 'स्वेच्छे'च्या नावाखाली घेतलेली वर्गणी) यांनी न पिडता आपण स्वतःच्या कोशातून सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधला, असे अभिमानाने नोंदवले आहे. म्हणजे विष्टि ही राजसत्तेने कराप्रमाणे वसूल केलेली फुकटची मेहनत होती. फारसीतून आलेल्या 'बिगार'चा अर्थही तोच असल्याने 'वेठबिगार' हा 'कागदपत्र'सारखा एकाच अर्थाचा जोडशब्द ठरतो, आणि त्यात कर्ज कुठेच नाही. बिगारीला धरलेला माणूस अंमलदाराचे ओझे पुढच्या गावी टाकून घरी परतत असे. उचल घेतलेल्याला मात्र मालकाच्या वहीतला आकडा परतू देत नाही. त्याच्या स्थितीला 'ऋणदास्य' म्हणावे.

उंबरगावकर:
व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष मान्य नाही. आमच्या भागातल्या वारली पाड्यांत लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतलेला तरुण 'लग्नगडी' होई, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही जमीनदाराच्या दारात राबत असे. ज्याने पैसे घेतले नव्हते, त्यालाही तोच जमीनदार वेठीला बोलावीत असे. मे १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेची झरी येथे परिषद झाली, तेव्हापासूनच्या लढ्यात वेठ आणि लग्नगडी या दोन्ही पद्धती एकदमच मोडून काढण्यात आल्या. राबणाऱ्याच्या पाठीवर दोन्हींचा कोरडा एकाच हाताचा होता. त्यांची शब्दकोशात फारकत करून काय साधणार?

शब्दवेध:
पण त्यांना दोन नावे होती, हे आपणच सांगितलेत. ज्यांनी सोसले, त्यांनाच हा फरक ठाऊक होता. तो पुसण्याचे काम आपल्या छापील मराठीने केले.

कलमबहाद्दर:
कायद्याकडेही पाहावे. राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदात, अगदी इंग्रजी पाठातही, 'बेगार' हा शब्द जसाच्या तसा ठेवून तिच्यावर बंदी घातली आहे. वेठबिगार पद्धत संपवणाऱ्या १९७६ च्या अधिनियमाची व्याख्या तर कर्जापुरती थांबतच नाही: रूढीमुळे, वारशाने आलेल्या बांधिलकीमुळे किंवा विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे करावी लागणारी सक्तीची मेहनतही तिच्यात येते. 'ऋणदास्य' म्हटले की हे सगळे बाहेर राहील. शिवाय १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मेहनत ठरवली. तिथे प्रश्न कर्जाचा नव्हता, पोटाच्या नडीचा होता. व्यापक अन्यायाला व्यापक शब्दच हवा.

शब्दवेध:
त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड शासनाला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा देतो, म्हणजे विष्टीचे मूळ रूप घटनेनेही वेगळे ओळखले आहे. माझी खरी काळजी निराळी आहे. १९७६ च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमाने मजुराचे असे कर्जच संपुष्टात येते. ज्या शब्दात कर्जाचा उच्चार नाही, तो ऐकून कातकरी मजुराला आपली उचल कायद्याने बुडाली आहे हे कसे उमगावे? 'अंगावर पैसे आहेत' एवढेच त्याला माहीत असते, आणि ते घेतले हे खरे असल्याने तो स्वतःलाच बांधील मानतो.

उंबरगावकर:
ही काळजी मात्र रास्त आहे. तरीही प्रांताधिकाऱ्यांपुढच्या अर्जात 'वेठबिगार' हाच शब्द असावा, कारण अधिनियमाच्या मराठी नावात तोच आहे. तिथे नवा शब्द घातला तर अर्ज नेमका शब्दावरच अडेल. सहाव्या कलमातली गोष्ट भट्टीवर जाऊन तोंडी सांगावी लागते, आणि तिथे 'ऋणदास्य'ही कामाचा नाही. तिथे 'उचल फिटली, आता देणे नाही' असेच म्हणावे लागते.