पिसारोसारखं वावरात बसून चित्र काढायचं, तर वेचणीच्या बाया आणि नागपूरचं ऊन कसं धरायचं?

रंगरेषा_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, तैलरंगात काम करते. कळमेश्वरच्या पुढे माझ्या नणंदेचं वावर आहे, कापूस आणि तूर. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, झाल्यापासून सुट्टी मिळाली की सकाळची बस धरते आणि धुऱ्यावर (बांधावर) इझल लावते.

गेलं वर्षभर माझ्या मनात इम्प्रेशनिस्ट चित्रकार कामीय पिसारो बसलेला आहे. १८३० मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर जन्मलेला माणूस, आयुष्यभर कागदोपत्री डेन्मार्कचा नागरिक, आणि फ्रान्समधल्या पोंत्वाझ, एरान्यी या गावांची शेतं, कुरणं, सफरचंदाच्या बागा काढल्या त्या अशा की तो तिथेच जन्मल्यासारखा वाटावा. त्याच्या शेतातल्या बाया बिचाऱ्या दिसत नाहीत आणि देव्हाऱ्यातल्या देवीही दिसत नाहीत. त्या आपल्या कामात असतात. मला आमच्या वावरातल्या बाया तशा काढायच्या आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं, कमरेला कापसाने फुगलेली झोळी. एकीचा शर्ट फिकट जांभळा आहे आणि मागे लाल्या रोगाने तांबडी पडलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. तो रंग दिसला की मला दुसरं काही सुचत नाही.

अडचण अशी की रंग मिसळून ब्रश उचलेपर्यंत ती बाई ओळ धरून कितीतरी पुढे गेलेली असते. मैत्रीण म्हणते, मोबाइलवर फोटो काढ आणि घरी निवांत रंगव. ज्यांच्याकडे मी शिकले ते म्हणतात, घरी पुरं केलेलं चित्र उघड्यावरचं चित्रच नव्हे. पिसारो हे कसं करायचा?

दुसरं, उन्हाचं. त्याच्या सावल्या निळ्या-जांभळ्या असतात आणि तिथे त्या शोभतात. मी इथे तोच निळा लावला की उसना वाटतो. दहानंतर तर सगळं वावर एकसारखं पांढरं दिसतं. तुमच्यापैकी कुणी विदर्भाच्या उन्हात काम केलं असेल तर नीट सांगा.

बर्डी_स्केचर

फोटोबद्दल मी सांगतो, कारण माझा आवडता चित्रकार नेमका याच पेचातला आहे. थिओडोर रॉबिन्सन. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १८५२ साली जन्म. १८८७ पासून १८९२ पर्यंत त्याचा बराचसा काळ फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात गेला. तिथे क्लोद मोनेशी त्याची चांगली मैत्री होती. गावातल्या मुली, विहिरीवरच्या बाया, टेकडीवरून दिसणारी घरांची छपरं, हे त्याचे विषय. तो माणसांना उभं करून फोटो काढायचा, फोटोवर चौकटी आखायचा आणि त्या चौकटींवरून आकृती कॅनव्हासवर उतरवायचा. १८९१ च्या ‘टू इन अ बोट’ या चित्राचा तसा फोटो आजही जपलेला आहे. म्हणजे मोनेच्या शेजारी राहणाऱ्या माणसानेही कॅमेरा वापरला. पण फोटोपासून सावध राहायचं, त्यातून मिळेल तेवढं घ्यायचं आणि पुढे निघायचं, असं त्याने स्वतःला डायरीत बजावलेलं आहे. माझंही मत तेच. फोटो वाकलेल्या पाठीसाठी घ्या, रंगासाठी घेऊ नका. मोबाइल सावल्या काळ्या करतो आणि पांढरा कापूस सपाट पांढरा करून टाकतो. तुम्हाला जो जांभळा शर्ट दिसला, तो फोटोत तुम्हाला सापडणार नाही.

‘द वेडिंग मार्च’ जरूर बघा, १८९२ चं. मोनेच्या सावत्र मुलीच्या लग्नाची वरात गावच्या रस्त्यावरून चालली आहे. चालती माणसं काढायची तर चेहऱ्यांआधी चाल धरायची, हे त्या चित्रात मला कळलं.

जुनाकॅनव्हास

ताई, मी नागपुरातच शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. पिसारो माझा फार जवळचा, म्हणून जरा लांबण लागेल.

तुमच्या गुरुजींचा मान ठेवून सांगतो, पिसारोची माणसं असलेली मोठी चित्रं शेतात उभं राहून एका बैठकीत झालेली नाहीत. निसर्गचित्रं तो बाहेर करायचा आणि माणसं आधी वहीत धरायचा. वाकलेली बाई, टोपली उचलणारी, काठी टेकून उभी राहिलेली, असं तो सतत खडूने नि कोळशाने रेखाटून ठेवायचा. त्यातली एखादी आकृती पुढे दोन-तीन चित्रांत फिरूनही आलेली आहे. बायकोची भाची नीनी कितीदा तरी त्याच्यासाठी शेतकरीण होऊन बसली. १८८५-८६ च्या सुमाराला तर त्याने तरुण झॉर्ज सराच्या पाठोपाठ ठिपक्याठिपक्यांनी रंगवायला घेतलं. ते काम इतकं संथ की वाऱ्यात, उन्हात होणंच शक्य नाही. काही वर्षांनी त्याने ती पद्धत सोडली, कारण डोळ्यासमोरची ताजी संवेदना त्यात मरते असं त्याला वाटू लागलं. तेव्हा घरी काम करणं हे पाप नाही. घरी नेण्याआधी तुमच्या वहीत काय आहे, हे महत्त्वाचं.

आता माझं खरं म्हणणं. त्याच्या बाया जिवंत वाटतात त्याचं कारण ब्रशमध्ये शोधू नका. तो तिथे राहिला. १८६६ पासून मधले खंड सोडले तर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोंत्वाझ, आणि १८८४ पासून १९०३ मध्ये मरेपर्यंत घर एरान्यीला. तेच कुरण, तीच बाग, पलीकडे तेच बाझँकूर गाव, ऋतूमागून ऋतू. पैशाची सतत ओढाताण. एरान्यीचं घर विकत घ्यायला १८९२ मध्ये मोनेने उसने पैसे दिले. बायको ज्यूली स्वतः शेतकऱ्याघरची, आधी पिसारोच्या आईकडे कामाला होती. घरचा भाजीपाला, कोंबड्या, ससे तीच बघायची. म्हणजे शेतातलं कष्ट त्याच्या घरातच होतं, ते बघायला त्याला कुठे जावं लागत नव्हतं. टीकाकार त्याची तुलना शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या फ्रेंच चित्रकार मिलेशी करायचे तेव्हा तो वैतागायचा. मिले बायबलातला आहे, मी ज्यू असूनही तसा नाही, अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहिलं आहे. मिलेची शेतकरीण प्रार्थनेत उभी असल्यासारखी वाटते. पिसारोची १८८१ मधली मुलगी सकाळी खिडकीशी बसून कॉफी पिते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे ते चित्र. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये काम थांबवून बोलत बसलेल्या दोघींचं मोठं चित्र आहे, १८९१-९२ चं. दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. मोठी करून बघा, हातांकडे बघा.

या चित्रांतच तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर आहे. त्याने विसाव्यातल्या बाया भरपूर काढल्या. विसाव्यात माणूस बसतं, हलत नाही, आणि कामाने आलेला थकवा खांद्यांत दिसतो. वेचणाऱ्या बाईचं पाच रेषांचं रेखाटन करा, एका पानावर दहा. तिच्या हालचाली ठरलेल्या असतात, तीच मुद्रा परत परत येते. एक बाई पुढे गेली तर मागून येणारीची पाठ तिथेच वाकते, तेव्हा अर्धवट रेघ तिच्यावरून पुरी करा.

उन्हाचं असं आहे. त्याचं १८७३ चं ‘हिमदव’ घ्या, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं. नांगरलेलं रान, लाकडाची मोळी पाठीवर घेतलेला म्हातारा, आणि चित्राबाहेरच्या झाडांच्या लांबच लांब सावल्या रानावर आडव्या पसरलेल्या. १८७४ च्या इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात लुई लरूआ नावाच्या टीकाकाराने या चित्राची, मळक्या कॅनव्हासवर पॅलेट खरवडल्याची म्हणून टर उडवली होती. त्या सावल्या लांब का? पोंत्वाझ साधारण ४९ अंश उत्तरेला. डिसेंबरात भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंश वर येतो. नागपूर २१ अंशांवर. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो आणि मे अखेरीस तर बरोबर डोक्यावर येऊन सावलीच पायाखाली जाते. पिसारोला हिवाळ्यात दिवसभर मिळणारं तिरपं ऊन तुम्हाला सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी तास-दीड तासच मिळतं. दहानंतर रान सपाट दिसतं ते यामुळेच.

आणि निळी सावली म्हणजे फ्रेंच शोभा नव्हे. सावलीत थेट ऊन नसतं, पण आभाळाचा उजेड असतो, म्हणून ती निळसर. त्यात जमिनीवरून उसळलेला उजेडही मिसळतो. नागपूरच्या हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, म्हणून मातीवर पडलेली सावली निळी असणारच. पण बाईच्या शर्टाची जी बाजू खाली वळलेली आहे, तिच्यावर कोरड्या मातीचा तपकिरी उजेड येतो. दोन्ही सावल्यांना एकच निळा लावला की तो उसना वाटतो. पिसारोची एक लाकडी पॅलेटच आहे, अमेरिकेतल्या क्लार्क संग्रहालयात, १८७८ च्या सुमाराची. कडेला पांढरा, पिवळा, लाल, जांभळा, निळा, हिरवा अशा रंगांचे गोळे तसेच ठेवून मधल्या जागेत त्याने शेतातलं दृश्य रंगवलं आहे. काळा त्यात नाही. तुम्हीही काळ्या रंगाची ट्यूब घरी ठेवून जा. काळी मातीसुद्धा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांतून करा.

रंगरेषा_नागपूर

सर, खूप आभार. खाली वळलेल्या बाजूची गोष्ट वाचून मी आधीची पॅनेलं काढून बघितली आणि नेमकी जागा सापडली. एक विचारते. तिरपं ऊन सकाळी मिळतं म्हणून मी सातला पोचते, पण तेव्हा वावरात कुणीच नसतं. बाया येतात तोपर्यंत ऊन वर गेलेलं असतं. मग माणसं एका उजेडातली आणि रान दुसऱ्या उजेडातलं, असं करायचं का?

वावरवाला_काटोल

ताई, मले चित्रातलं काही समजत नाही, पण वेचणीतलं समजते, म्हणून लिहून राहिलो. सकाळी सातले बाया नाहीच येणार. पऱ्हाटीवर दव असते. ओला कापूस वेचला तं घरात गंजी लावल्यावर पिवळा पडते, भाव पडते. दव वाळल्याशिवाय आम्ही कोणाले वावरात उतरू देत नाही.

दुसरं, हे महत्त्वाचं आहे. वेचणी किलोवर असते. तुम्ही तिले पाच मिनिटं उभी करसान, तर तेवढा तिचा कापूस गेला. ती तुम्हाले नाही म्हणणार नाही, ताईंचं पाहुणेपण म्हणून उभी राहीन. पण घरी गेल्यावर तिच्या हातात कमी पैसे येतीन. म्हणून उभं करूच नका. दुपारी साऱ्या जणी निंबाखाली बसतात, भाकर-भाजी, मिरचीचा ठेचा काढतात. तवा वही घेऊन त्यायच्यात जाऊन बसा. आधी जेवा, मग काढा. दुसऱ्या खेपेले त्या स्वतःच विचारतीन, माह्यं काढलं का म्हणून.

आणि तिरपं ऊनच पाहिजे असन तर संध्याकाळचं पाहा. वेचणी सुटली की मोजणी असते. धुऱ्यावर तीन लाकडं उभी करून काटा टांगतो. बाया आपापलं गाठोडं घेऊन ओळीत उभ्या राहतात, कोणी गाठोड्यावरच बसते. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास दिवस बुडते, मोजणी त्याच्या आधी होते. तिथं कोणी हलत नाही, सगळ्याइचं ध्यान काट्यावर असते, किती भरला ते पाहायले.

जुनाकॅनव्हास

वावरवाले भाऊंनी माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं. ताई, मोजणी काढा. पिसारोनेही पोंत्वाझ आणि जिझोरच्या बाजारांत असे घोळके काढले आहेत, कोंबड्यांचा बाजार, धान्याचा बाजार. पुष्कळ आकृत्या एकमेकींना चिकटून, पण प्रत्येकीचं लक्ष आपापल्या व्यवहारात. त्या चित्रांत त्याने बऱ्याचदा तैलरंगाऐवजी गॉश किंवा टेम्परा, म्हणजे पाण्यात कालवायचे अपारदर्शक रंग, वापरले. ते लवकर वाळतात. मोजणी अर्ध्या-पाऊण तासात आटोपणार, तेव्हा तुम्हीही जागेवर गॉशमध्येच करा, तळहाताएवढ्या कागदांवर, आणि तैलचित्र घरी बांधा. माणसांचा आणि रानाचा उजेड वेगळा ठेवायचा प्रश्नच उरत नाही.

संध्याकाळी रंग उलटे होतील, त्याची तयारी ठेवा. ऊन नारिंगी, म्हणून उन्हातला कापूस पांढरा राहणार नाही, येलो ऑकरचा अंश आणि किंचित लाल मागेल. सावलीतलं गाठोडं मात्र आभाळाच्या निळ्यात जाईल, आणि ते उन्हातल्या कापसापेक्षा बरंच गडद असेल. नवशिक्या ते सावलीतही पांढरंच रंगवतात आणि चित्र विझतं. शुद्ध पांढरा हातच लावू नका. जांभळ्या शर्टाच्या बाईला काट्याजवळ घ्या, उजेडाकडे पाठ करून, म्हणजे तिच्या खांद्याची कड पेटेल आणि शर्ट आपल्या खऱ्या रंगात राहील.

म्हाताऱ्या वयात पिसारोने लुई ल बाय नावाच्या तरुण चित्रकाराला सांगितलं होतं की तुकड्यातुकड्याने रंगवू नकोस. आभाळ, पाणी, फांद्या, जमीन, सगळं एकदमच चालू दे, आणि पहिल्यांदा जे जाणवलं ते हातचं जाऊ देऊ नकोस. त्या अर्ध्या तासात आधी आभाळ, माती आणि गाठोड्यांचे मोठे डाग एकदम लावून घ्या. काट्याची लाकडं शेवटी दोन रेघांत येतील.

रंगरेषा_नागपूर

वावरवाले दादा, किलोच्या मजुरीचं माझ्या लक्षात आणून दिलंत, मनापासून आभार. नणंदेला आत्ताच फोन केला. तिसरी वेचणी अजून आठवडाभर चालेल आणि मोजणी पाचला असते म्हणाली. शनिवारी दुपारीच निघते, डबा घेऊन. गॉश आणि कागद सीताबर्डीहून उद्या आणते. कागद तसाच पांढरा नेऊ की आधी गेरूसारखा हलका हात देऊन न्यावा?

जुनाकॅनव्हास

हलका हात देऊनच न्या. गेरू आणि ऑकर पातळ करून, आदल्या दिवशी, म्हणजे पूर्ण वाळेल. सगळे कागद एकाच छटेचे नकोत. दोन-तीन करड्या-निळ्या छटेचेही ठेवा, दिवस बुडाल्यानंतरच्या दहा मिनिटांसाठी.